चीक फेकू नका म्हणणारी जुलेखाचाची

सातवीचा तास नुकताच संपला होता. फोन नसीमचा, जुलेखाचाचीच्या सुनेचा. "बाई, अम्मी गेली…" एवढंच बोलली. मूल गावच्या बाजारात आयुष्यभर बांगड्या भरणारी बाई अशी एका वाक्यात संपते? महिना झाला, मला अजून खरं वाटत नाही.

माझी ओवी झाली तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे पहिले तीन दिवस आईचं दूध, तो पिवळा चीक, पिळून फेकायची रीत. जड असतो म्हणे, बाळाला पचत नाही. दवाखान्यातली नर्स सांगून थकली; घरी येताच सासूबाईंनी कापसाच्या वातीनं साखरपाणी सुरू केलं. आणि मी? बी.एस्सी. झालेली, पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, मिठाची गुळणी धरून बसले. आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चाची ओवीसाठी काळ्या मनगट्या घेऊन आली. घालता घालता तिचा हात थांबला. "पोरगी रडून काऊन नाई राह्यली?"

"झोपली हाय," सासूबाई म्हणाल्या.

"झोपली नाई सुमनबाई, थकली. चीक पाजा तिले."

"मी चार लेकरांचा चीक फेकला. चारी जगले!"

चाची एरवी भारी बोलकी. हसवता हसवता घट्ट बांगडी मनगटात कधी उतरवायची, कळायचंही नाही. त्या दिवशी मात्र तिचा आवाज खाली गेला. "माही पह्यली नाई जगली, बाई. मीबी फेकला होता. काऊन गेली ते अल्ला जाने… पन तिच्या पोटात माह्या दुधाचा एक थेंब नव्हता, हे मले माहीत हाय."

इतकी वर्षं तिच्याकडून बांगड्या भरणाऱ्या सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या उठल्या आणि त्यांनी ओवीला माझ्या मांडीवर दिलं. मला पोरीला धड छातीशी धरता येईना, रडू आवरेना. चाची माझ्या मागे बसून ओवीची हनुवटी सावरत होती. "घाबरू नको वं मास्तरीण, तिले येते, तुलेच येत नाई!" संध्याकाळी ओवी अशी ठणाणा रडली की शेजारी धावून आले. देवा, काय गोड वाटलं ते रडणं!

परवा बाजाराच्या दिवशी नसीमकडे गेले. चाचीचं बांगड्यांचं दुकान बंदच होतं. आत चादर लावलेला एक कोपरा आहे, बसायला पाट. बाजाराला आलेल्या खेड्यातल्या बायांना चारचौघांत पाजायची लाज वाटते, पोरं उपाशी रडतात, म्हणून चाचीनं माल हलवून केलेली जागा. आम्ही दारात बोलत होतो तेवढ्यात एक कोवळी आई आली, खांद्यावर रडतं बाळ. "चाची हाय का?"

नसीमचे डोळे भरले. तिनं शटर अर्धं वर केलं. "चाची नाई राह्यली… तू ये, बस. पानी देते तुले."