माझ्या देशाचं लढाऊ विमान

मी वाटूरच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी जहाजावरून उडणाऱ्या विमानाबद्दल बोलणार आहे.

इंटरनेटवर एक मंच आहे. तिथे माझ्यासारखे लोक स्वतःचे काल्पनिक देश वसवतात. नकाशा, राज्यघटना, सैन्य, सगळं. माझा देश सात बेटांचा. बेटं म्हटल्यावर आरमार आलं, आरमार म्हटल्यावर विमानवाहू जहाज, आणि जहाजासाठी स्वदेशी लढाऊ विमान. दोन वर्षं मी त्या विमानाचा इतिहास लिहीत होतो. मंत्रिमंडळाची मंजुरी, इंजिनाची रखडपट्टी, विरोधकांचा सभात्याग. इकडे घरातला पंखा खडखडत होता. बायको म्हणायची, "तुमच्या देशात एखादा इलेक्ट्रिशियन न्हाई का?"

एक दिवस मंचावरच्या एका सदस्याने विचारलं, "विमान जहाजाच्या पोटात नेणारी लिफ्ट किती रुंद?" मी तोऱ्यात आकडा दिला.

"आणि विमानाची रुंदी, पंखांसकट?"

तीही दिली. लगेच उत्तर आलं, "म्हणजे तुमचं विमान दोन वर्षं डेकवर पावसात भिजतंय."

पंख लिफ्टपेक्षा चार मीटर लांब होते. संरक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला. तो लिहिला मीच, पण दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

त्या रविवारी फाटकाची बिजागरी सांधायला मी फाट्यावर गेलो. तिथे एक म्हातारे मिस्त्री ट्रॅक्टरची अवजारं वेल्डिंग करतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या दारात फवारणीचा ट्रॅक्टर उभा होता. औषध फवारणारे त्याचे दोन्हीकडचे लांब हात मिटून मागे घेतलेले. मी बघतच राहिलो.

"चाचा, हे मिटतात कसे?"

"मिटले न्हाई तर रस्त्यानं जाईल कसा, सर? समोरून एसटी येती." त्यांनी खिट्टी काढून एक हात उघडून दाखवला. "ही बराबर बसली पायजे. न्हाई तर चालता चालता उघडतंय. पण तुमाला कशाला पायजे?"

मी सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बिलकुल सुरुवातीपासून सांगा."

मी सांगत सुटलो. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा लोखंडी आकडा जहाजावरच्या तारेत कसा अडकतो तेही सांगितलं. मग छाती फुगवून माझं सर्वांत गाजलेलं प्रकरण सांगितलं: तिसऱ्या चाचणीत तार तुटते, विमान समुद्रात, वैमानिक ठार, देशभर दुखवटा.

चाचांनी विचारलं, "माणूस गेला?"

"हो, पण तो काल्पनिक आहे."

"तुमीच लिहून राह्यले ना?"

"हो."

"मंग मारला कशाला?"

"खरं वाटावं म्हणून."

"तार खराब होती. त्याच्यात त्याचा काय कसूर? घरी कोण होतं त्याच्या?"

इंजिनाची ताकद मी दशांश चिन्हापुढच्या दोन अंकांपर्यंत काढली होती. त्या माणसाला घर द्यायचं मात्र सुचलंच नव्हतं. भर दुपारी फाट्यावर मला खरोखर लाज वाटली.

घरी येऊन मी इतिहास बदलला. पंखांना बिजागरी आणि खिट्टी दिली. वैमानिकाला कोळ्यांच्या होडीने वाचवलं, बायको दिली, दोन मुली दिल्या. पाय तेवढा मोडलेला ठेवला. मंचावर गहजब झाला. मेलेला माणूस परत आणणं नियमात बसत नाही म्हणे. मी तीन दिवस भांडलो. वर्गात आवाज न चढवणारा मी, तिथे टेबल आपटत टाइप करत होतो. शेवटी माझा देश महिनाभरासाठी निलंबित झाला.

पुढच्या रविवारी फाट्यावर हे ऐकून चाचा पोट धरून हसले. "होऊ द्या. माणूस तर वाचला." मग गंभीर होऊन म्हणाले, "पाय कसाय आता त्याचा?"

"थोडा लंगडतो."

"जल्दी बरा करा, सर. पोरीबाळींचा बाप आहे."