आधी दम खा

वारज्याच्या टेकडीवर रोज सकाळी एक बाई दिसत. पायात निळे बूट, ओढणी कमरेला गुंडाळलेली, फोन कानाला. चढ लागल्यापासून माथ्यापर्यंत त्या बोलतच असत. समोरच्याचं ऐकून घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. वाक्य तुटायला लागलं, की त्या चाल कमी करत, बोलणं नाही. पलीकडे कोण बिचारं सापडलंय, याचं मला भारी कुतूहल.

एकदा शेवटचा चढ मी पळत चढलो आणि वर खडकावर कोसळलो. पोटऱ्या नुसत्या पेटल्या होत्या.

"काय झालं?" बाई थांबल्या.

मी जीवशास्त्र शिकवतो. धापा टाकत सांगू लागलो, "प्राणवायू कमी पडला, की पेशी... त्याच्याशिवायच साखर फोडतात. ऊर्जा लगेच मिळते, पण थोडीच. प्राणवायू असेल, तर त्याच साखरेतून... कितीतरी पट..."

"अहो, तास नंतर घ्या. आधी दम खा."

मला हसू आलं. आपल्या भाषेत दमसुद्धा खायचा असतो! पेशीला साखरेबरोबर तोही लागतोच की.

तेवढ्यात फोनमधून एक बारीक आवाज आला आणि अर्ध्या शब्दावरच तुटला. खोकला ऐकू आला. बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला.

"तू नको गं बोलूस, ताई. दम खा. मी सांगतेय ना."

आणि नेहमीपेक्षाही हळू चालत त्या तिला टेकडी सांगू लागल्या.