चाकं दिसली होती

हवाई दलाच्या त्या प्रशिक्षण तळावर धावपट्टीच्या टोकाशी काचेची एक खोली होती. तिच्यात दुर्बीण घेऊन बसायचं, हे काकांचं काम. उतरणाऱ्या विमानाची चाकं बाहेर आलीत का ते बघायचं. आली असली तर वायरलेसवर "चाकं खाली" म्हणायचं, नसली तर पिस्तुलातून लाल गोळा उडवायचा, म्हणजे वैमानिक विमान पुन्हा वर नेतो. उडायला शिकणारी सगळी पोरं त्यांना काकाच म्हणत. बायको मात्र म्हणायची, ह्यांना ओट्यावरची मिठाची बरणी सापडत नाही, आणि ह्यांच्याच हातात दुर्बीण दिलीय!

आता एवढ्या वर्षांत चाकं विसरलेलं कुणी भेटलंच नव्हतं. विमान यायचं, चाकं असायचीच. काम अगदी अंगवळणी पडून गेलेलं.

त्या दुपारी एक शिकाऊ मुलगी एकटीच विमान घेऊन उतरत होती. काकांनी दुर्बीण लावली, बघितलं, "चाकं खाली" म्हणाले. आणि विमान पोटावर आपटलं. ठिणग्या उडवत, पट्टी खरवडत गवतात जाऊन आडवं झालं. बंब धावले. नशीब बलवत्तर, पोरगी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. चाकं बाहेर काढायला ती साफ विसरली होती.

चौकशी लागली. चाकं विसरणाऱ्या शिकाऊला घरी पाठवायचं, असा तिथला नियम. बंबाचा ड्रायव्हर काकांचा जिवाभावाचा दोस्त. त्यानं चहा पिता पिता वाट काढून दिली: ऊन डोळ्यांवर आलं होतं म्हणा, की सुटलात. खापर काय, पोरीवर फुटणारच आहे. निवृत्ती तोंडावर आलेली, कशाला पायावर धोंडा पाडून घेता? काकांना ते पटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच पटलं.

पण चौकशीच्या खोलीत साहेबांनी सांगितलं, की मुलीनं सगळा दोष स्वतःवर घेतलाय, काकांबद्दल चकार शब्द काढला नाही. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग साहेबांनीच विचारलं, ऊन होतं का डोळ्यांवर?

"नाही साहेब. ऊन पाठीमागे होतं. मी नीट बघितलं आणि मला चाकं दिसली. रोज दिसतात तशीच दिसली. मी हो म्हटलं म्हणून ती पोर निर्धास्त उतरली."

मुलीला ताकीद देऊन ठेवून घेतलं. काकांची रवानगी गोदामात झाली. बायको आधी चिडली, मग म्हणाली, बरं केलंत.

काचेच्या खोलीतला नवा माणूस एकदा विचारायला आला, नेमकं कसं बघायचं?

काका म्हणाले, "दरवेळी चाकं नाहीतच असं धरून चाल. मग शोध."

मुलगी पुन्हा उडाली, त्या दिवशी काकांना बाहेर यायचा धीरच होईना. खोक्यांच्या आड, दाराकडे पाठ करून उभे राहिले. विमानाचा आवाज जवळ आला, खाली आला, आणि पट्टीवर टायर घासल्याचं ऐकू आलं. टायरच होते ते! काका तिथल्याच एका खोक्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.