बुटाचं टोक दाबणाऱ्या मावशी

नाशकातल्या यच्चयावत शाळकरी पोरांचे पाय आपल्याच देखरेखीखाली वाढतात, अशी आमच्या शेजारच्या मावशींची पक्की समजूत होती. सातपूरच्या आमच्या वस्तीतून त्या रोज गंगापूर रोडच्या बिल्डिंगांमध्ये पोळ्या लाटायला जात. तिथे लिफ्टमध्ये गणवेशातलं पोर भेटलं, की वाकून त्याच्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबायच्या. "अजून जागा हाय. दिवाळीपर्यंत जाईल. जपून घाल, दगडं उडवू नको!" बूट पोराच्या बापानं घेतलेला, पण दरारा असा, की जणू मावशींनीच तो वापरायला दिलाय. एका डॉक्टरांच्या मुलीला तर त्यांनी बूट घालून लंगडी खेळायची बंदी केली होती, आणि ती बिचारी पाळायचीही. आखूड झालेले गणवेश, घट्ट झालेले बूट मावशी हक्कानं मागून आणत आणि वस्तीतल्या नेमक्या पोराला नेऊन घालत.

आमच्या छकुलीचा आरटीईतून मोठ्या शाळेत नंबर लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग गणवेश-बुटांचा खर्च कळला. फी माफ होती, बाकी काहीच माफ नव्हतं. मी आणि बायको दोघंही कंपनीत कंत्राटी. आमची महिनाअखेर पंधरवड्यातच उजाडायची. शेवटी पोरीला गावी पेठला माझ्या आईकडे ठेवायचं, तिथल्याच शाळेत घालायचं, असं ठरत आलं. रात्रभर बायको रडली. मधली भिंत पातळ. सकाळी मावशी पिशवी घेऊन दारात हजर.

बायको मानी. म्हणाली, "मावशी, आम्हाला फुकटचं नको."

"फुकट देतंय कोण? तुझ्या सासूचे नागलीचे पापड लय भारी राहतात म्हणे. काढ पिशवीभर!"

लंगडी न खेळलेले ते बूट घालून छकुली शाळेत गेली, आणि आमच्याजवळच राहिली.

मावशी आता सायखेड्याला लेकाकडे असतात. परवा छकुली म्हणाली, "पप्पा, बूट बोचतात." मी नकळत वाकून टोक दाबलं. जागा संपली होती. बूट पुसून, पिशवीत घालून नव्या शेजाऱ्यांकडे नेले, तर त्यांची मुलगी हरखली, पण आई मागे सरली. "नको भाऊ, असं फुकट कसं घ्यायचं?"

काय मागावं, मला सुचेना. मावशींना कसं पटकन सुचायचं! आत चहा उकळत होता. "कपभर चहा पाजा, वहिनी," म्हटलं. त्या हसल्या, पिशवी घेतली. चहा छान होता, पण मला मावशींची फार आठवण आली.