पिंगळीचं तेल आणि न केलेली टेस्ट

माझ्या टेबलावर दोन बाटल्या होत्या आणि त्यातली चांगली कोणती ते मला चार दिवसांत लिहून द्यायचं होतं. एक बाटली विकतची. वर लांब केसांच्या बाईचं चित्र, आत सोनेरी, पाण्यासारखं नितळ तेल, खाली छापलेलं ‘उत्तम वनस्पती तेलांपासून’. दुसरी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, तोंडाला कागदाचा बोळा. आत हिरवट-काळं तेल आणि तळाशी बोटभर गाळ.

दोन्ही तेलं डोक्याला लावायची. आज केस मऊ राहावेत म्हणून कंडिशनर मिळतं. माझी नात तीन तऱ्हेची आणते आणि बाटलीमागचं बारीक अक्षर मला वाचायला लावते, कारण आजोबा केमिस्ट. सत्तरच्या दशकात परभणीत कंडिशनर म्हणजे तेल. न्हाल्यावर केस गुंतू नयेत, त्यांचा वाख होऊ नये, यासाठी दुसरं काही नव्हतं.

मी तेव्हा परभणीच्या एका ऑइल मिलमध्ये केमिस्ट होतो. बीएस्सी होऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, आमच्या वस्तीतलाही पहिलाच. लोक ‘भालेराव साहेब’ म्हणायचे आणि मला ते लय आवडायचं. मिलमध्ये करडई आणि सरकीचं तेल निघायचं. गावात दुसरी लॅब नव्हती, म्हणून मुलींच्या सरकारी हॉस्टेलच्या वॉर्डनबाई बाटल्या घेऊन आमच्या मॅनेजरसाहेबांकडे आल्या होत्या.

झालं होतं असं. हॉस्टेलमधल्या मुलींना महिन्याला डोक्याचं तेल मिळायचं. आठवीतल्या कमल नावाच्या मुलीची आई जवळच्या पिंगळी गावची. ती घरी तेल कढवायची, आसपासच्या बाया ते घ्यायच्या. मुलीला भेटायला येताना ती एक बाटली आणायची आणि त्या बाटलीत सगळ्या खोलीचे हात जायचे. वॉर्डनबाईंनी मुलींचे केस पाहिले आणि ठरवलं, वर्षाची ऑर्डर हिलाच द्यावी. पण कागद लागतो. तेलाच्या एका व्यापाऱ्यानंही भाव भरला होता, बाईच्या चित्राची बाटली त्याची. तेव्हा दोन्ही नमुने तपासून कोणी तरी लेखी द्यायला हवं होतं.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

“भालेराव, ती पिंगळीवाली तुमच्या समाजाची आहे म्हणे.”

“असेल, साहेब.”

“नाही, माझं काही म्हणणं नाही. फक्त रिपोर्ट असा करा की कोणी बोट दाखवू नये.”

त्यांनी हे सहज सांगितलं. मी त्याची मनाशी खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी ती बाई स्वतःच आली. पिंगळीहून पॅसेंजरनं आलेली, हातात फडक्याची पुरचुंडी. लॅबच्या दारात उभी राहिली.

“जयभीम भाऊ. मी गयाबाई, कमलची माय. माजं तेल तुमच्याकडं आलंय म्हनं.”

आमचा लॅब अटेंडंट खाजाभाई तिथंच काचा धूत होता. मी जयभीम इतक्या हळू म्हणालो की ते माझं मलाच ऐकू आलं.

“तपासणी चालू आहे. रिपोर्ट वॉर्डनबाईंना जाईल.”

“ते जाऊ द्या. मी त्याच्यात काय काय घातलंय ते सांगाया आले. सगळं बांधून आनलंय बगा.”

“बाई, मला काही ऐकायचं नाही. उद्या लोक म्हणतील, आपल्या माणसाशी बोलून रिपोर्ट लिहिला. तुम्ही जा.”

ती रागावली नाही. उलट तिला ते पटल्यासारखं दिसलं. “तेबी खरंच हाय,” म्हणाली. पुरचुंडी खिडकीत ठेवली. जाता जाता एवढंच बोलली, “हे काम लागलं तर यंदा ऊसतोडीला जायचं न्हाई, भाऊ. पोरीची माय तिच्या जवळ ऱ्हाईल.” मग स्टेशनच्या दिशेनं चालती झाली.

आता तपासणी. तेल गिरणीत तेलाची परीक्षा एकाच गोष्टीवर होते, ॲसिड व्हॅल्यू. तेल जुनं झालं, ओल लागली, की त्यात आम्ल सुटतं. स्पिरिटमध्ये तेल ढवळायचं, एक दर्शक, म्हणजे रंग बदलणारं रसायन, टाकायचं आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या नळीतून, कॉस्टिकचे थेंब सोडत राहायचं. द्रव गुलाबी झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं आम्ल जास्त, तितकं तेल हलकं. टँकर भरताना याच आकड्यावर सौदा व्हायचा. मी दिवसाला वीस वेळा हेच करायचो. मला वाटायचं तेलाची सगळी अक्कल याच आकड्यात आहे.

विकतच्या तेलात पहिल्याच थेंबाला गुलाबी रंग आला. आकडा जवळजवळ शून्य. इतकं स्वच्छ तेल मी मिलमध्ये कधी पाहिलं नव्हतं. खरं तर इथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजलीही, पण बारीक.

गयाबाईंचं तेल हिरवं. त्यात गुलाबी रंग दिसेचना. मी थेंब टाकत गेलो, टाकत गेलो. शेवटी रंग आल्यासारखं वाटलं तिथं थांबलो. आकडा सहाच्या वर गेला. ओल जास्त, गाळ भरपूर.

खाजाभाईंनी विकतच्या तेलाचा थेंब तळहातावर घेऊन चोळला. तीस वर्षं घाण्यावर आणि मिलमध्ये काढलेला माणूस. त्यांनी हात माझ्यापुढं धरला.

“साब, ये तेल नै लगता. तेल हाथ में मुरता. ये ऊपरच फिरता.”

“खाजाभाई, आकडा बघा ना.”

“आकडा बराबर होंगा साब. मैं हाथ का बोलरा हूं.”

ते काय म्हणत होते ते मला कळत होतं. पांढरं खनिज तेल, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या रॉकेल-पेट्रोलचं भावंड. ते शुद्ध केलं की नितळ आणि बिनवासाचं होतं, आणि स्वस्त पडतं. त्यात आम्ल सुटतच नाही, मग आकडा शून्यच येणार. ते ओळखायची टेस्ट अर्ध्या तासाची आहे. तेल कॉस्टिक पोटॅशबरोबर अल्कोहोलमध्ये उकळायचं. खऱ्या तेलाचा साबण होतो आणि तो पाण्यात विरघळतो. खनिज तेलाचा होत नाही, पाणी घातलं की ते गढूळ होऊन वर येतं. सामान माझ्या कपाटात होतं. वेळही होता.

मी ती टेस्ट केली नाही. का नाही केली ते आज स्पष्ट सांगतो. मला वाटलं, व्यापाऱ्याच्या तेलात मुद्दाम खोट शोधली असं दिसेल. आपल्या बाईसाठी भालेरावनं जास्तीची टेस्ट लावली, असं कोणी तरी म्हणेल. मिलमध्ये रोज जेवढं करतो तेवढंच दोघांना लावायचं, म्हणजे न्याय. असा माझा न्याय.

रिपोर्ट टाइप करून घेतला. ‘नमुना अ: उत्तम. नमुना ब: निकृष्ट, आम्लता अधिक, गाळयुक्त, शिफारस करता येत नाही.’ खाली सही. मॅनेजरसाहेब म्हणाले, “हे बघा, कोणी बोट दाखवणार नाही.” मला बरं वाटलं. संध्याकाळी मी स्वतःसाठी पावशेर जिलेबी घेतली.

पोळा नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपली, थंडी पडली आणि वॉर्डनबाई पुन्हा मिलमध्ये आल्या. या वेळी बसल्या नाहीत.

“भालेराव, मुलींचे केस बघायला या एकदा. कंगवे मोडायला लागलेत. उशा तेलकट आणि केस कोरडे. असं कुठं असतं?”

“नवीन डबा असेल, बाई.”

“पहिल्या डब्यापासून हेच आहे. तुमचा कागद होता म्हणून मी गप्प बसले.”

त्यांनी डब्यातलं तेल आणलं होतं. त्या दुपारी मी ती अर्ध्या तासाची टेस्ट केली. फ्लास्क उकळून खाली घेतला, पाणी घातलं. दूध फाटल्यासारखं सगळं गढूळ झालं आणि वर तेलाचा जाड थर आला. निम्म्याहून जास्त खनिज तेल. पहिल्या नमुन्याची बाटली कपाटात होती, तीही उकळली. तेच. मग गयाबाईंच्या बाटलीच्या तळातलं थोडं घेतलं. त्याचा पूर्ण साबण झाला. पाला तेवढा गाळणीत राहिला.

खाजाभाई शेजारी उभे होते. त्यांनी फ्लास्क उचलले आणि धुवायला नेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी सही करून केलं होतं. खायच्या तेलाची फूटपट्टी मी केसांच्या तेलाला लावली. पाला कढवलेल्या तेलात थोडी ओल राहणार, थोडं आम्ल सुटणार, केसांना त्यानं काही होत नाही. त्यात हिरव्या रंगात गुलाबी दिसेना म्हणून मी थेंब जास्त टाकले ते वेगळंच. आणि ज्याला मी ‘गाळ’ लिहिलं होतं, तेच तर औषध होतं.

खिडकीतली पुरचुंडी तिथंच होती, धूळ खात. सोडली. वाळलेला माका, जास्वंदीची पानं, मेथ्या, आणि एका वेगळ्या चिंधीत मूठभर जवस. बाकीचं कळलं. जवस तेलात कशाला, ते कळेना.

दुसरा रिपोर्ट लिहून मी स्वतः हॉस्टेलवर नेला. वॉर्डनबाईंनी तो दोनदा वाचला.

“ही टेस्ट आधी का नाही केलीत?”

मी म्हणालो, “चुकलं.” पूर्ण उत्तर द्यायची हिंमत झाली नाही.

“मी व्यापाऱ्याचं तेल आजच बंद करते. त्या बाईला बोलावून आणा. उरलेल्या वर्षाचं काम तिला देऊ.”

रविवारी पिंगळीला गेलो. गयाबाईंच्या दाराला कुलूप नव्हतं, बाभळीची काटेरी फांदी आडवी लावली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, “ती गेली की कारखान्याला. पंदरा रोज झाले. आता उन्हाळ्यातच यायची.” कोणता कारखाना ते तिला ठाऊक नव्हतं.

परत येऊन हॉस्टेलमध्ये कमलला भेटलो. दोन वेण्या, हातात वही-पुस्तक. आईचा पत्ता तिलाही माहीत नव्हता. मुकादम नेईल तिकडं, एवढंच. मी तिला सांगितलं, तुझ्या आईचं तेल चांगलं होतं, माझा रिपोर्ट चुकला.

ती म्हणाली,

“मी मायला म्हनले होते, कागद खोटा असंल म्हून. माय म्हनली, आपल्या माणसानं तपासलंय, ते कशाला खोटं लिवतील. आपलंच काही तरी चुकलं असंल. मग तिनं घरातलं सगळं तेल उकिरड्यावर ओतलं. गावातल्या बायांनाबी देयाचं बंद केलं.”

मला भीती होती की लोक म्हणतील, आपला माणूस म्हणून खोटं लिहिलं. तिनं आपला माणूस म्हणून ते खरं मानलं.

गयाबाई चैत्रात परत आल्या. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. ऊन आणि उसाच्या पाचटानं हात चिरलेले, माणूस निम्मा झालेला. नव्या रिपोर्टची प्रत दिली, वाचून दाखवली. तेव्हा न केलेली टेस्ट का केली नव्हती, तेही सांगितलं. वॉर्डनबाईंना सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं.

त्यांनी कागदाची घडी करून कमरेला खोचली. “लई मनाला लावून घेऊ नका, भाऊ. कढई इकली मी जाताना. आन आता त्या तेलावर मन बसत न्हाई.” हॉस्टेलला तेव्हा जिल्ह्याच्या ऑफिसातून तेल यायला लागलं होतं. वॉर्डनबाईंच्या हातातही काही उरलं नव्हतं.

मी उठायला लागलो तशा त्या म्हणाल्या, “बसा की. आता तरी सांगू का, काय काय घालत होते ते?”

“सांगा,” म्हणालो.

त्यांनी सांगितलं. माका कोणत्या दिवसांत तोडायचा, जास्वंदीची पानं सावलीत का वाळवायची, मेथ्या कधी टाकायच्या. जवस तेलात नव्हताच. तो पाण्यात उकळायचा, फडक्यातून पिळायचा, आणि तो बुळबुळीत रस न्हाल्यावर केसांना लावायचा. गुंता आपोआप सुटतो. हे त्या विकणार नव्हत्या. हॉस्टेलच्या पोरींना फुकट सांगायला आणलं होतं.

नातीच्या एका बाटलीमागं बारीक अक्षरात जवसाचा अर्क लिहिलेला आहे. ती म्हणते हे नवीन निघालंय. मी बाटली तिच्या हातात परत देतो.

पुढं तीस वर्षं मी तेलंच तपासली. त्या उन्हाळ्यानंतर एक सवय लागली. नमुना घेऊन कोणी आलं, मग तो कोणीही असो, ब्युरेटला हात लावायच्या आधी त्याला बसवायचं आणि विचारायचं, यात काय काय घातलंय. आणि तो सांगत असताना मधे बोलायचं नाही.