खालची खुर्ची

रिळाची पेटी उघडली की व्यंकटमामा आधी शिवी द्यायचे आणि मग फुंकर मारायचे. दर गुरुवारी दुपारी नांदेडहून येणाऱ्या एस.टी.च्या टपावरून पत्र्याच्या पेट्या उतरायच्या. हमाल त्या जिन्याने वर नेऊन केबिनमध्ये आदळायचा. मामा पहिलं रीळ काढून हातभर फीत खिडकीच्या उजेडात धरायचे. फितीवर उभे ओरखडे, कडेची भोकं फाटलेली, मधेच कुणीतरी घाईत मारलेला जोड. मामा मान हलवायचे आणि खाली बुकिंगच्या खिडकीत बसलेल्या मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "दिगू, आलं रे उष्टं."

उष्टं हा त्यांचा आवडता शब्द. पिक्चर आधी हैदराबादने खायचा, मग औरंगाबादने, मग परभणीने, मग नांदेडने, आणि सगळ्यांनी ढेकर दिला की उरलंसुरलं आमच्या लोह्याला. नट म्हातारा झाला तरी त्याचा तरुणपणचा पिक्चर आमच्याकडे यायचाच होता, असं आम्ही गमतीने म्हणायचो. मामांना त्यात गंमत वाटत नसे. "मुंबईवाल्याचं तिकीट आन् आपलं तिकीट, पैसा पैसाच हाय ना? मंग आपल्याच ताटात खरकटं का?" हे ते इतक्या तळमळीने विचारायचे की जणू मीच ते वाढलंय.

मी त्या टॉकीजचा बुकिंग क्लार्क आणि ते ऑपरेटर. मी लागलो तेव्हा ते जुने झाले होते. टॉकीजचं नाव सांगत नाही, आता तिथे मंगल कार्यालयाची पाटी आहे. मामा, म्हणजे अख्ख्या गावाचेच मामा, मूळचे नायगावकडचे. उंच, वाळलेले, केबिनच्या ठेंगण्या दारातून आयुष्यभर ये-जा केल्यामुळे मानेत वाकलेले. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. स्वभावाने गोड वगैरे मुळीच नव्हते. चहा पातळ दिला म्हणून कँटीनवाल्याशी महिनाभर अबोला धरायचे आणि त्याचाच चहा माझ्याकरवी मागवून प्यायचे. मूड बरा असला की मी दिगू, बिघडला की दिगांबरराव. पिक्चर तुटला त्या दिवशी मी हमखास दिगांबरराव असायचो.

कारण पिक्चर तुटला की शिव्या वर जायच्या. पडदा पांढरा झाला रे झाला की अख्खी टॉकीज मागे वळून त्या चौकोनी भोकाकडे बघून मामांची आई-बहीण काढायची. फाडलं कुणी, तर कुठल्या तरी लांबच्या गावच्या ऑपरेटरने. ऐकून कोण घेणार, तर आमचे मामा. ते घामेजल्या हातांनी जोड मारत असायचे आणि खालून शिट्ट्या. पुढच्या रांगेत त्यांच्या गल्लीतली पोरंसुद्धा असायची. सकाळी तीच पोरं "मामा, कसंय" म्हणायची, आणि मामा त्यांच्याकडे न बघता पुढे जायचे.

कधी फीत दिव्यासमोर अडकायची आणि पडद्यावरच्या नटीच्या गालाला भोक पडून ते पसरत जायचं. त्या जळक्या वासाने मामांना खोकल्याची उबळ यायची. आधीच मशिनीच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेलेला, त्यात हा वास. त्यांची बायको कौसल्यामामी त्यांचा शर्ट बाकीच्या कपड्यांत भिजवत नसे. "घरभर त्यो वास होतो, भाऊ, आन् मंग रातभर हे बसून राहतेत," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

पण मामांचं खरं दुखणं निराळंच होतं. टॉकीजमध्ये उभी हयात घालवलेल्या या माणसाने एकही पिक्चर सलग बघितला नव्हता. प्रोजेक्टरच्या दोन मशिनी असायच्या. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती काळा ठिपका चमकायचा, आणि तो दिसताक्षणी दुसरी चालू करायची. मधल्या वेळात संपलेलं रीळ गुंडाळा, पुढचं चढवा, कांड्या सरकवा. "पिक्चर तुम्ही बघता. मी ठिपका बघतो," असं ते म्हणायचे. घरी टीव्ही लावला तरी त्यांची नजर उजव्या कोपऱ्यात जायची. लग्न झाल्यावर नव्या नवरीला त्यांनी कौतुकाने पिक्चरला आणलं, तर ती खाली बायकांत एकटी आणि हे वर भोकातून तिचा अंबाडा बघत उभे. घरी जाताना तिने विचारलं, "त्यो शेवटाला रडला कामून?" मामांना सांगता येईना. शेवटचं रीळ लावून ते आधीची गुंडाळत बसले होते.

"एकदा खाली बसायचं हाय, दिगू. खुर्चीत. हिच्या बाजूला. सुरू व्हायच्या आधीपासून ते दिवे लागंपर्यंत." हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल.

म्हणून नांदेडच्या टॉकीजवर डिशची छत्री बसली आणि पिक्चर आभाळातून यायला लागला, तेव्हा लोह्यात सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला. दुसरा ऑपरेटर असता तर धास्तावला असता. हे नांदेडला जाऊन बघून आले आणि थेट मालकांच्या बैठकीत जाऊन बसले. मालकांना ते डिजिटल प्रकरण नको होतं. त्यांना रिळाचं प्रेम होतं असं नाही. रीळ आपल्या ताब्यात असतं, एवढंच. "आज पेटी माझ्या दारात आली की माझी. त्या छत्रीचं कुलूप मुंबईत. त्यांनी मनात आणलं तर माझ्याच टॉकीजमध्ये मला अंधारात बसवतील," ते म्हणाले. मुद्दा खोटा नव्हता. पण मामा ऐकणाऱ्यातले नव्हते.

"मालक, ओरखडा न्हाई, जोड न्हाई, काई न्हाई. पाण्यावानी साफ पिक्चर. आन् ज्या शुक्रवारी मुंबईत, त्याच शुक्रवारी लोह्यात. त्याच टायमाला. आपल्या लोकायनं कवा तरी ताजं खावं का न्हाई?" महिनोन्‌महिने ते मालकांच्या मागे लागले. शेवटी नांदेडच्या गर्दीच्या बातम्या ऐकून मालक हो म्हणाले. श्रेय मात्र मामांनी घेतलं आणि ते त्यांचंच होतं.

पहिल्या शुक्रवारी मामा नवा शर्ट घालून आले. दारावर उभं राहून त्यांनी आत येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला, कँटीनवाल्यालासुद्धा. सोबत मामी, जरीच्या लुगड्यात, अवघडलेल्या. मामांनी वर जाऊन बटण दाबलं, खाली आले आणि बाल्कनीत पहिल्या रांगेत मामींच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मी खिडकी बंद करून मागे येऊन उभा राहिलो होतो. पिक्चर खरंच स्वच्छ होता. नटाच्या कपाळावरचा घाम दिसत होता. मामांची मान मात्र सवयीने उजव्या कोपऱ्याकडेच. थोड्या वेळाने मामींनी हनुवटीला हात लावून त्यांचं तोंड मध्यभागी वळवलं, आणि मग ते तिथेच राहिलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

इंटरवलला दिवे लागले. मालक गर्दी बघत बाल्कनीत आले आणि मामांना खुर्चीत बघून थबकले.

"व्यंकटराव, तुम्ही इथं? मग वर कोण आहे?"

मामा उठून उभे राहिले. आवाजात असा अभिमान, जणू पोराचा निकाल सांगताहेत. "कोन्नी न्हाई, मालक. लागतच न्हाई."

मालकांनी एकदा वर केबिनच्या भोकाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गेले. इंटरवल संपून पिक्चर परत सुरू झाला, तोच डोअरकीपर बॅटरी घेऊन रांगेत आला. "मामा, मालकांनी हाफिसात बोलावलंय." मामा मामींना "आलोच" म्हणून उठले.

मालक रागावले नाहीत, उलट त्यांनी चहा मागवला. बटण दिगू दाबेल, बिघाड झाला तर कंपनीचा माणूस नांदेडहून येईल, मग तुम्हाला कशासाठी ठेवायचं ते तुम्हीच सांगा, असं ते म्हणाले. मामांनी कप खाली ठेवला. बाल्कनीत परत न जाता ते बाहेर पायरीवर येऊन बसले. पिक्चर सुटल्यावर मामी आल्या, चेहरा उजळलेला. शेवट सांगायला लागल्या तर मामा म्हणाले, "नगं सांगू. बघीन मी. खाली बसूनच बघीन." काय झालंय ते त्यांनी मामींना घरी गेल्यावर सांगितलं. बटण कुठलं ते दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनीच मला दाखवलं, आणि त्या दिवशी मी दिगांबरराव नव्हतो, नुसता "तुम्ही" होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना माझं डोकं फिरतं. मामा मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागले. धूर गेला आणि पीठ आलं, खोकला तोच. मोठ्या पिक्चरना नांदेडचे मॉल मिळाले आणि आमच्या छत्रीच्या कुलपाची किल्ली मुंबईहून उशिरा यायला लागली. ताजं काही दिवसच वाढलं, मग परत उष्टं, फक्त स्वच्छ ताटात. टॉकीज बंद झाली. फुकट पास देतो म्हणून मी मामांना किती वेळा बोलावलं होतं, ते शेवटपर्यंत आले नाहीत.

मग लातूरच्या मंडळींचा फोन आला. डॉक्टर, प्राध्यापक, वकील अशा सिनेमावेड्या लोकांची संस्था होती. एका जुन्या टॉकीजमध्ये खटपट करून ते रिळावरचा पिक्चर दाखवणार होते आणि त्याआधी जुन्या ऑपरेटरचा सत्कार. मामा तयार होईनात. मीच म्हणालो, "मामा, पहिल्या रांगेत तुमच्या नावाची खुर्ची आहे. मामींचीही." तेव्हा कुठे त्यांनी ट्रंकेतून पांढरा शर्ट बाहेर काढला.

शाल-नारळ झालं. त्यांच्यातले एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. डिजिटल चित्र स्वच्छ असतं पण निर्जीव असतं, रिळावरचा प्रत्येक ओरखडा हा त्या चित्राने जगलेल्या आयुष्याची खूण असतो, वगैरे. मामा माझ्या कानाशी लागले. "ओरखड्याला काय म्हणून राहिले हे?" मग त्यांना माइक दिला. ते म्हणाले, "मला बोलता येत न्हाई. रीळ लई वाईट चीज हाय. तुम्ही म्हणता त्याच्यात जीव हाय. असंल. थोडा माझा गेला त्याच्यात." ते आणखी बोलणार होते, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. प्राध्यापकांनी डोळे पुसले आणि केवढं हे प्रेम, असं म्हणून माइक परत घेतला.

मामा खुर्चीत येऊन बसले. कागदावर नाव लिहून चिकटवलेली खुर्ची, शेजारी मामी. आणि मग एक डॉक्टर वाकून हळूच म्हणाले की वर आणलेल्या माणसाला रीळ चढवताच येत नाहीये, मामा जरा बघतील का. मी म्हणालो, "ते पाहुणे आहेत, डॉक्टर." मामांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मामींकडे. "जातो रे. फाटलं तर शिव्या त्या बिचाऱ्याला बसतील," म्हणाले आणि जिना चढून गेले. जे गेले ते पिक्चर संपल्यावरच उतरले. मामींनी रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती.

पिक्चर दोनदा तुटला. पडदा पांढरा झाला की सगळे कौतुकाने हसायचे आणि टाळ्या वाजवायचे. कुणी मोबाइल घेऊन वर गेलं आणि जोड मारणाऱ्या मामांचे फोटो काढून आलं.

येताना एस.टी.त मामांनी अहमदपूर मागे पडू दिलं. मग म्हणाले, "दिगू, फाटल्यावर टाळ्या वाजवणारे लोक पयल्यांदा बघितले मी. आपले लोक शिव्या द्यायचे तेच बरं होतं. त्यायला पिक्चर बघायचा होता."

यंदा उन्हाळ्यात मामा गेले. छातीनेच गेले. पेपरात चौकटीत बातमी आली: रिळावर जीव लावणारा अवलिया हरपला. जीव लावणारा. मी पेपर टराटरा फाडला.

तेरवीला लातूरची मंडळी गाडी करून आली. माणसं वाईट नाहीत, उन्हातान्हात आली, हे मला मान्य आहे. त्यांनी मोठा फोटो आणला होता: मशिनीशेजारी वाकलेले मामा, तोंडावर दिव्याचा उजेड. फोटोला हार म्हणून त्यांनी खऱ्या फिल्मची फीत गुंडाळून आणली होती. प्राध्यापकांनी ती स्वतःच्या हाताने घातली आणि हात जोडून बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मामी दाराशी बसून बघत होत्या. जेवणं झाली, गाडी गेली.

मग त्या उठल्या, फोटोवरून ती फीत सोडवली आणि माझ्या हातात दिली. "हे न्या, भाऊ. घरात नगं."

मागे परसात पत्रावळ्या पेटवल्या होत्या. मी म्हणालो, "मामी, द्या, तिकडेच टाकतो, जळून जाईल."

मामींनी माझा हात धरला. "जाळू नगा. त्या वासानं त्यायला खोकला येतो."