एका दिवसापुरत्या बाई

निधी कमी झाला म्हणतात तेव्हा कुणाला तो दिसत नाही. आम्हाला दिसला. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि मंगळवारी बाई आल्या नाहीत.

माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. एरंडोलजवळच्या आमच्या गावात, साध्या शाळेत आठवीला. तिच्यासारख्या मुलांसाठी तालुक्यात एक फिरत्या विशेष शिक्षिका होत्या. दर मंगळवारी एसटीने यायच्या, तिच्या बाकावर बसायच्या आणि फळ्यावरचं सगळं हातांनी समजावायच्या. खुणांची भाषा त्यांनीच तिला दिली. त्या भाषेत माणसाला नावाऐवजी खूण असते. बाईंच्या हनुवटीवर तीळ, म्हणून हनुवटीला बोट लावलं की बाई.

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात गेलो. उत्तर तयार होतं: वरून निधी कमी आला, कंत्राटं वाढवली नाहीत. मी पत्रक लिहिलं. जळगावच्या स्टँडवर वाटलं, धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजांपुढे वाटलं. ज्यांना ऐकू येतं त्या सगळ्यांना कळलं. बहिणीला कोण सांगणार? सांगू शकणारं माणूस एकच होतं आणि त्यालाच काढून टाकलं होतं.

ती रोज हनुवटीला बोट लावून विचारायची. मग तिने स्वतःच कारण शोधलं. बाईंनी मिळवून दिलेलं कानाचं मशीन तिच्या हातून हौदात पडलं होतं. म्हणजे बाई रागावल्या. दप्तर खुंटीला लावलं आणि शाळेत जायचं बंद.

मी समजवायला बसलो. आमच्या घरच्या खुणा म्हणजे भाकरी, ताप, गाय, राग, गेला. त्यात निधी कसा सांगायचा? कंत्राट कसं सांगायचं? मी साहेब दाखवला, राग दाखवला, गेल्या असं दाखवलं. तिने छातीवर बोट ठेवलं, माझ्यावरच ना? आणि रडायला लागली.

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "बठ्ठा गावले पत्रकं वाटस, आनि घरनी पोरले एक गोट सांगता येत नही तुले!"

डिसेंबरात जळगावला दिव्यांग दिनाचा सरकारी कार्यक्रम निघाला. बहिऱ्या मुलांना पुढच्या रांगेत बसवायचं होतं, आणि त्यांना भाषण कळतंय हे फोटोत दिसायचं होतं. म्हणून काढलेल्या बाईंनाच फोन गेला. "मॅडम, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मुलांसाठी या." मानधनाचं नाव नाही. बाई आल्या. मी बहिणीला जवळपास ओढत नेलं.

आधी सत्कार. टोपी, रुमाल, नारळ. मग दुसऱ्याला टोपी, रुमाल, नारळ. स्टेजवरच्या प्रत्येकाचं डोकं झाकून होईपर्यंत मुलं उपाशी बसली. बहिणीने बाईंकडे एकदाही पाहिलं नाही. मान खाली.

साहेब उठले. "या मुलांच्या पाठीशी शासन खंबीरपणे उभं आहे." बाई माइकशेजारी उभ्या. त्यांचे हात वर आले आणि हवेतच थांबले. मग त्या खाली उतरल्या, बहिणीची हनुवटी धरून मान वर केली आणि परत जागेवर जाऊन सांगायला लागल्या.

साहेब संवेदनशीलतेवर बोलत होते. मला खुणा फार येत नाहीत, पण भाषणातलं एक अक्षरही ते हात सांगत नव्हते, एवढं कळत होतं. पुढची सगळी रांग पुढे झुकली. एक पोरगी रडायला लागली, मग दोघी-तिघी. साहेब थबकले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "बघा, मुलं किती भारावली आहेत!" हॉलने टाळ्या वाजवल्या.

बाहेर बाईंना विचारलं, काय सांगितलंत?

"खरं ते. मला काढलंय, मी येणार नाही, आणि तुमच्यापैकी कुणाचीही चूक नाही. दिवाळीपासून सांगायचं होतं रे भाऊ, पण शाळांमध्ये मला पाऊल कोण ठेवू देतंय?"

परतीच्या एसटीत बहीण खुशीत होती. खिडकीच्या काचेवर बोटाने चेहरे काढत होती, प्रत्येकाच्या हनुवटीवर तीळ. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून वेणी घातली, दप्तर काढलं, शाळेत गेली. मी आईकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

ती आठवडाभर गेली. गुरुजी वाईट नाहीत. पण फळ्याकडे तोंड करून बोलतात, आणि वर्गात बाकीची पोरंही आहेत. ती समोर बसून त्यांच्या पाठीकडे बघायची. मंगळवारी शेजारची जागा रिकामी ठेवली. दुपारच्या सुट्टीत घरी आली आणि दप्तर पुन्हा खुंटीला.

मी अडवलं. तिने शांतपणे हनुवटीला बोट लावलं, मग हात झटकला. नाहीत. मग कशाला?

साहेबांचा फोटो पेपरात आला. मी नवं पत्रक लिहिलं, तेही वाटलं. बहीण आता आईबरोबर कापूस वेचायला जाते. हात फार चलाख आहेत, शेतवाल्या अक्का कौतुक करतात. आणि बाई आपल्यावर रागावलेल्या नाहीत, हे आता तिला पक्कं ठाऊक आहे.